दारू सोडताना: पहिला आठवडा आणि त्यानंतरचं वर्ष

सकाळी उठल्यावर हात थरथरू नयेत म्हणून ज्याला प्यावी लागते, त्याला “मनावर घेतलंस तर आजच सुटेल” असं सांगणं धोक्याचं आहे. त्याने खरोखर मनावर घेतलं आणि रातोरात बाटली बाजूला ठेवली, तर दुसऱ्या दिवशी त्याला फिट येऊ शकते. दारूचं अवलंबित्व हा उपचार होणारा आजार आहे. त्यावर औषधं आहेत, बोलून करायचे उपचार आहेत आणि या सगळ्याला एक क्रम आहे. बहुतेक वेळा घोटाळा होतो तो या क्रमात. शरीरातून दारू उतरवण्याचा पहिला आठवडा म्हणजेच उपचार, असं घरचे समजतात. माणूस घरी येतो, चेहरा टवटवीत दिसतो, आणि जे सुरू व्हायला हवं होतं ते सुरूच होत नाही.

आधी प्यायचं प्रमाण नीट मोजायला हवं. “रोज दोन पेग” यावरून काहीच कळत नाही. किती मिली आणि किती टक्क्यांची, हे दोन आकडे हवेत. मिलीला टक्क्यांनी गुणायचं, शंभराने भागायचं आणि आलेल्या आकड्याला ०.७९ ने गुणायचं, की शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. ४० टक्क्यांच्या दारूचा ६० मिलीचा पेग म्हणजे १९ ग्रॅम. ८ टक्क्यांच्या बिअरचा ५०० मिलीचा कॅन म्हणजे जवळपास ३२ ग्रॅम. “मी फक्त बिअर घेतो” या वाक्यात म्हणून काही दिलासा नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, तिचे गुण ० ते ४० असतात. ८ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याचं मानतात आणि २० किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची तपासणी करायलाच हवी. मात्र पहिल्या आठवड्याची तयारी करताना मला त्या गुणांपेक्षा तीन साधे प्रश्न महत्त्वाचे वाटतात. सकाळी प्यायल्याशिवाय हात स्थिर राहतात का? याआधी कधी बंद केली तेव्हा काय झालं होतं? शेवटचा घोट किती वाजता घेतला?

बंद केल्यावर शरीरात काय होतं

अल्कोहोल मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचं काम वाढवतं आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचं काम दाबतं. महिनोन्‌महिने हे चालू राहिलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. शांत करणारी यंत्रणा मंदावते, उत्तेजनाची वाढते. अशा वेळी दारू अचानक काढून घेतली की उत्तेजना तेवढी उरते. म्हणून थरथर, घाम, धडधड, मळमळ, झोप उडणं ही लक्षणं शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत दिसतात. फिट आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. काहींना पहिल्या एक-दोन दिवसांतच आवाज ऐकू येतात, किडे दिसतात, पण आपण कुठे आहोत याचं भान शाबूत असतं. खरी भीती ४८ ते ९६ तासांच्या टप्प्याची. तेव्हा डेलिरियम ट्रेमेन्स होऊ शकतो. माणसाला दिवस-वेळ कळत नाही, घरचे ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी आणि रक्तदाब वाढतो. उपचाराविना यात जीव जाऊ शकतो. “दोन दिवस काढलेस, आता काही होत नाही” असं घरचे म्हणतात नेमकं त्याच वेळी हे सुरू होतं.

घरी राहून डिटॉक्स, म्हणजे शरीरातून दारू सुरक्षितपणे उतरवणं, करता येतो, पण सगळ्यांना नाही. आधी फिट किंवा डेलिरियम होऊन गेला असेल, यकृत, हृदय किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असेल, गरोदरपण असेल, आत्महत्येचे विचार असतील, दारूसोबत झोपेच्या गोळ्या किंवा अफूजन्य पदार्थ चालू असतील, तर दाखल होणंच बरं. ज्याच्यासोबत चोवीस तास कुणी शुद्धीतलं माणूस राहू शकत नाही, त्यालाही घरी ठेवू नये. दर वेळी बंद केल्यावर लक्षणं आधीपेक्षा तीव्र होण्याचा कल असतो, म्हणून “मागच्या वेळी घरीच निभावलं होतं” हा पुरावा धरता येत नाही.

या आठवड्याचं मुख्य औषध म्हणजे बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या. क्लोरडायझेपॉक्साइड आणि डायझेपाम शरीरात जास्त वेळ टिकतात, त्यामुळे उतार सावकाश होतो. मध्यम तीव्रतेच्या रुग्णाला पहिल्या दिवशी क्लोरडायझेपॉक्साइड २० ते २५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा देतात आणि पाच ते सात दिवसांत कमी करत बंद करतात. तीव्र अवलंबित्वात याहून बराच मोठा डोस लागतो. यकृत बिघडलेलं असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम किंवा ऑक्साझेपाम निवडतात, कारण ही औषधं यकृतावर कमी ओझं टाकतात आणि शरीरात साचत नाहीत. दाखल रुग्णाची लक्षणं ‘सीवा’ या दहा मुद्द्यांच्या तक्त्यावर मोजतात. त्यात एकूण ६७ गुण असतात. साधारण ८ च्या खाली औषधाची गरज कमी, १५ च्या वर लक्षणं तीव्र.

हे आकडे समजण्यासाठी आहेत, घरी गोळ्या आणून सुरू करण्यासाठी नाहीत. या गोळ्यांवर दारू प्यायली तर श्वास मंदावतो. म्हणून घरी डिटॉक्स असेल तर गोळ्या रुग्णाच्या हाती न देता घरच्यांनी वेळेवर द्याव्यात, एका वेळी एक-दोन दिवसांच्याच आणाव्यात आणि पहिले काही दिवस डॉक्टरांनी रोज पाहावं. चुका ठराविक असतात. पहिल्या दोन दिवसांत डोस फार कमी ठेवतात आणि फिट येते. भास होतात म्हणून नुसतं हॅलोपेरिडॉल हे भासांवरचं औषध देतात, त्याने फिट येण्याची शक्यता उलट वाढते. फिटवरचं नेहमीचं फेनिटॉइन देतात, ते दारू सोडताना येणाऱ्या फिट रोखत नाही. आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे गोळ्या आठव्या दिवशी बंद न होता सहा महिने चालू राहतात. मग दारूच्या जागी गोळीचं अवलंबित्व येतं.

थायमिन आधी

या एका जीवनसत्त्वाकडे होणारं दुर्लक्ष मला सर्वांत अस्वस्थ करतं, कारण नुकसान कायमचं असतं आणि टाळणं अगदी सोपं असतं. थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब१, शरीरात जेमतेम काही आठवडे पुरेल इतकंच साठतं. रोज पिणारा माणूस नीट जेवत नाही आणि अल्कोहोलमुळे आतड्यातून थायमिन शोषलंही जात नाही. कमतरता वाढली की वेर्निके एन्सेफॅलोपथी होते. गोंधळलेपणा, चालताना तोल जाणं आणि डोळ्यांच्या हालचाली बिघडणं ही तिची तीन लक्षणं. तिन्ही एकत्र फार थोड्या रुग्णांत दिसतात. उरलेल्यांना “अजून उतरली नाही” म्हणून झोपू दिलं जातं. वेळेत उपचार झाला नाही तर कोर्साकॉफ सिंड्रोम होतो आणि नव्या आठवणी तयार होणंच थांबतं.

ग्लुकोज वापरताना शरीराला थायमिन लागतं. म्हणून अशक्त दिसतोय म्हणून आधी ग्लुकोजचं सलाइन लावणं हे उरलंसुरलं थायमिनही संपवू शकतं. थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत जायला हवं. रक्तातली साखर धोकादायक पातळीवर उतरली असेल तर मात्र ग्लुकोज अडवून ठेवायचं नाही, दोन्ही एकदमच द्यायचं. वेर्निकेची शंका असेल तर बऱ्याच मार्गदर्शक सूचनांनुसार ५०० मिलिग्रॅम थायमिन शिरेतून दिवसातून तीन वेळा, किमान दोन-तीन दिवस देतात. अशा वेळी तोंडावाटे गोळी पुरत नाही. मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिन नीट काम करत नाही, म्हणून तेही तपासून भरून काढावं लागतं. डिटॉक्ससाठी दाखल करताना नातेवाइकांनी “थायमिन सुरू केलं का, शिरेतून की गोळीने?” हा प्रश्न न संकोचता विचारावा.

आठव्या दिवशी काय

डिटॉक्स संपला की शरीर शांत होतं, तलफ तशीच राहते. पुढच्या काही महिन्यांत पुन्हा पिण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि याच काळासाठी परिणामकारक औषधं उपलब्ध असतात. ती लिहून दिली जात नाहीत याचं मला वाईट वाटतं. निवड कशावरून करायची ते पाहू.

नॅल्ट्रेक्सोन मेंदूतल्या ओपिऑइड ग्राहकांना, म्हणजे अफूजन्य पदार्थ जिथे जाऊन काम करतात त्या जागांना, अडवतं. दारू प्यायल्यावर मिळणारा आनंद त्यामुळे फिका पडतो, पहिल्या पेगनंतर दुसऱ्याकडे जाणारी ओढ कमी होते. अमेरिकेत १९९४ मध्ये त्याला दारूसाठी मान्यता मिळाली. नेहमीचा डोस ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. पहिले काही दिवस २५ मिलिग्रॅम जेवणानंतर दिलं तर मळमळ कमी होते. गोळी विसरणाऱ्यांसाठी महिन्यातून एकदा घ्यायचं ३८० मिलिग्रॅमचं इंजेक्शनही असतं. पिणं पूर्ण थांबण्याआधीही नॅल्ट्रेक्सोन सुरू करता येतं, ही त्याची मोठी सोय. अडचण वेदनाशामकांची. ट्रामाडॉल, मॉर्फिन, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध चालू असेल तर नॅल्ट्रेक्सोनने तीव्र विड्रॉवल, म्हणजे ते औषध अचानक तुटल्याचा त्रास, सुरू होतं. अशी औषधं बंद होऊन किमान ७ ते १० दिवस जायला हवेत. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना याची कल्पना द्यायलाच हवी. यकृताचा तीव्र दाह असेल किंवा यकृत निकामी होत असेल तर हे औषध टाळतात. रक्ततपासणीत यकृताचे एन्झाइम थोडे वाढलेले असतील तर लक्ष ठेवून देता येतं.

अकॅम्प्रोसेट उलट बाजूने काम करतं. दारू सोडल्यानंतरची बेचैनी, अस्वस्थ झोप, विनाकारण ताण यांवर ते उपयोगी पडतं, म्हणून आधीच बंद केलेल्यांना, बंदच ठेवायची आहे अशांना ते जास्त शोभतं. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा, म्हणजे रोज सहा गोळ्या. अकॅम्प्रोसेट ‘लागू पडलं नाही’ असं म्हणणाऱ्यांत दुपारचा डोस चुकवणारे पुष्कळ असतात. यकृतावर त्याचा भार पडत नाही, ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. म्हणून सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, करायची. मूत्रपिंडाचं काम मध्यम कमी असेल तर डोस अर्धा, फार कमी असेल तर देऊच नये. सुरुवातीला जुलाब होतात, ते बहुधा आपोआप थांबतात.

या दोन्ही औषधांचा परिणाम किती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब पाहिला तर साधारण १२ जणांना औषध दिल्यावर एक जण असा निघतो, जो औषधाविना पुन्हा प्यायला लागला असता. अकॅम्प्रोसेटसाठी हा हिशेब पुन्हा पिण्याचा आहे, नॅल्ट्रेक्सोनसाठी पुन्हा भरमसाट पिण्याचा. हा आकडा छोटा वाटतो, पण रोज दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांचे आकडे याहून चांगले नाहीत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कम्बाइन’ या अमेरिकी चाचणीत १३८३ रुग्ण होते. नॅल्ट्रेक्सोन आणि डॉक्टरांच्या छोट्या, नियमित भेटी एवढ्यावरही चांगला परिणाम दिसला. अकॅम्प्रोसेटचा मात्र त्या चाचणीत फायदा दिसला नाही. त्यावरून मी एक गोष्ट उचलेन. तज्ज्ञ समुपदेशक मिळत नाही म्हणून औषध अडवून ठेवू नये.

डायसल्फिराम सर्वांत जुनं आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९४८ मध्ये त्याचा हा उपयोग पुढे आणला. दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग ते मोडलं जातं. हे मोडणारं एन्झाइम डायसल्फिराम अडवतं. मग थोडीशी दारू पोटात गेली तरी चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. डोस साधारण २५० मिलिग्रॅम रोज. शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास, शक्यतो पूर्ण दिवस गेल्यावरच सुरू करतात, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी प्रतिक्रिया होऊ शकते. माउथवॉश, काही खोकल्याची औषधं, स्वयंपाकात वापरलेली वाइन यांतूनही त्रास होतो. हृदयविकार, मनोविकृती, गरोदरपण यांत हे औषध देत नाहीत. मेट्रोनिडाझोल या जंतुसंसर्गावरच्या औषधासोबतही देत नाहीत. यकृताचे एन्झाइम पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा तपासायचे, कारण क्वचित गंभीर हिपॅटायटिस होतो. कावीळ, गडद लघवी, सतत थकवा दिसला की गोळी थांबवून तपासणी.

हे औषध नुसतं हातात दिलं तर फारसं चालत नाही. प्यायचं मनात आलं की माणूस आधी गोळी सोडतो. दोघांनी ठरवून, रोज सकाळी घरच्या माणसासमोर घेतली तर चांगला उपयोग होतो. आणि आता जे लिहितोय ते कृपया गांभीर्याने घ्या. चहा-जेवणात नकळत मिसळून डायसल्फिराम कधीही देऊ नका. त्या माणसाला माहीतच नसतं, तो नेहमीसारखा पितो, आणि प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. ‘न सांगता दारू सोडवणारी पावडर’ म्हणून जे विकलं जातं, त्यात काय आहे हे कुणालाच तपासता येत नाही. वर्षानुवर्षांचा त्रास सहन करणाऱ्या बायकोची, आईची अगतिकता मला कळते. त्या पुडीने मात्र माणूस दगावू शकतो, आणि वाचला तर घरच्या अन्नावरचा त्याचा विश्वास उडतो.

यकृताचा सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाणं, असलेल्यांसाठी बॅक्लोफेन हा पर्याय आहे. ५ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा सुरू करून प्रत्येक वेळचा डोस १० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. गुंगी येते, मूत्रपिंड कमजोर असेल तर साचतं, अचानक बंद केलं तर फिट येऊ शकते. यकृतामुळे आधीच भ्रमाचे झटके येत असतील तर त्यापासून दूर राहिलेलं बरं. टोपिरामेट हे मुळात फिटवरचं औषध २५ मिलिग्रॅमपासून हळूहळू काही आठवड्यांत वाढवतात. घाईने वाढवलं की शब्द सुचत नाहीत, बोटांना मुंग्या येतात, आणि रुग्ण स्वतःच बंद करतो. गॅबापेंटिन झोप आणि बेचैनीसाठी मदत करतं, पण त्याचाही गैरवापर होतो.

बोलण्याचे उपचार आणि गट

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगमध्ये समुपदेशक भाषण देत नाही. पिण्यातून काय मिळतं आणि काय जातं, हे रुग्णाच्याच तोंडून येऊ देतो. अजून “मला काही झालेलं नाही” म्हणणाऱ्यासाठी हीच सुरुवात योग्य. वर्तनोपचारात पिण्याआधीची साखळी उलगडतात. कुठली वेळ, कुठला रस्ता, कोण सोबत, पोट रिकामं होतं का, भांडण झालं होतं का. मग त्या साखळीची लवकरात लवकरची कडी तोडायची. दुकानासमोर उभं राहून नाही म्हणण्यापेक्षा पगाराच्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने येणं सोपं असतं. तलफ बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ कुणाला फोन करायचा, कुठे जायचं, काय खायचं हे आधी कागदावर लिहिलेलं हवं, कारण त्या क्षणी नवं काही सुचत नाही.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटांची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात झाली. सभा विनामूल्य, आणि अनुभवी सदस्य रात्री-अपरात्रीही फोन उचलतो, हे कुठल्याही दवाखान्याला जमत नाही. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासानुसार, या पद्धतीशी जोडून देणारे उपचार घेतलेल्यांत वर्षभरानंतर पूर्ण बंद ठेवणारे ४२ टक्के होते, तर वर्तनोपचारासारख्या इतर उपचारांत ३५ टक्के. एखाद्या सभेत कुणी “गोळ्या म्हणजेही व्यसनच” म्हणालं तर नॅल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट सोडू नका. ही औषधं नशा आणत नाहीत, सवयही लावत नाहीत. पहिला गट पटला नाही तर दुसरा पाहावा, गटागटांत फरक असतो.

माणूस उपचाराला तयारच नसेल तरी घरच्यांना करण्यासारखं बरंच आहे. ‘क्राफ्ट’ नावाच्या पद्धतीत फक्त कुटुंबाला शिकवतात. तो प्यायलेला नसतानाच बोलायचं, न प्यायलेल्या संध्याकाळी सोबत बसायचं, प्यायलेल्या संध्याकाळी वाद न घालता बाजूला व्हायचं, त्याच्या वतीने कामावर खोटी कारणं सांगायची नाहीत, आणि तो एकदा “जाऊया” म्हणाला की त्याच आठवड्यात नेता येईल अशी भेट आधीच ठरवून ठेवायची. चाचण्यांमध्ये साधारण दोन तृतीयांश घरांतली माणसं अशा प्रकारे उपचारापर्यंत आली. घरात मारहाण होत असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता पाहायची, बाकी सगळं त्यानंतर.

पूर्ण बंद की कमी? तीव्र अवलंबित्व, सिरॉसिस, स्वादुपिंडाचा दाह, आधीच्या फिट किंवा गरोदरपण असेल तर माझं मत स्पष्ट आहे, पूर्ण बंद. अवलंबित्व सौम्य असेल आणि माणूस आज फक्त कमी करायला राजी असेल, तर त्याला परत पाठवू नये. नॅल्ट्रेक्सोन सुरू करून, रोजचे ग्रॅम वहीत लिहून तीन महिने पाहावं. कमी करणं जमत नाही हे त्याला वहीतूनच दिसलं, तर पुढचं बोलणं सोपं होतं.

झोप नीट यायला कित्येक आठवडे, काहींना महिने लागतात. तेवढ्यासाठी झोपेच्या गोळ्या सुरू केल्या की नवी गुंतागुंत होते. उदासी बऱ्याच जणांची तीन-चार आठवड्यांत आपोआप निवळते. त्यानंतरही राहिली, किंवा आधीपासूनच तीव्र असेल, तर तिच्यावर वेगळे उपचार करावेत. नैराश्यावरच्या गोळ्या एकट्याने दारू सोडवत नाहीत.

औषध किमान सहा महिने, बहुधा वर्षभर चालू ठेवतात. भेटी आधी आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. मधे एखाद्या दिवशी प्यायलं गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा गटातल्या माणसाला कळवायचं आणि किती व कधी ते सांगायचं. नॅल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट चालू ठेवता येतात. डायसल्फिराम चालू असेल तर लगेच दवाखाना गाठायचा. पिणं काही दिवस सलग चाललं असेल तर औषधाचा डोस, औषधाची निवड की भेटींमधलं अंतर, यांपैकी काय बदलायचं ते पुढच्या भेटीत ठरवायचं.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर एवढं न्या: रोजचे मिली आणि टक्के, शेवटचा घोट किती वाजता, आधी कधी फिट किंवा भास झाले का, चालू असलेली सगळी औषधं, त्यात वेदनाशामक आणि खोकल्याची औषधंही, मूत्रपिंड व यकृताचे जुने रिपोर्ट, आणि रोज गोळी समोर द्यायला घरात कोण आहे त्याचं नाव.